"गाडीवरून पडलाय" एवढंच सांगू नका: मोटारसायकल अपघातानंतर काय करायचं

अपघातातल्या जखमीला घेऊन दवाखान्यात येणारी माणसं बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "डॉक्टर, गाडीवरून पडलाय." पोलीस केसचा ससेमिरा नको, आधी उपचार सुरू व्हावेत, एवढाच हेतू. डॉक्टर ते जसंच्या तसं केसपेपरवर उतरवतात. पुढे क्लेम कोर्टात, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, विमा कंपनीचा वकील तोच कागद वर काढतो आणि विचारतो, पेशंट स्वतःच घसरून पडला होता, मग आमच्या ट्रकचा संबंध काय?

मी सातारा-सांगली भागात पोलीस खात्यात होतो. बराच काळ ठाणे अंमलदार, नंतर तपासी अंमलदार, आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त. वकील नाही. पण अपघाताचे कागद लिहिण्यात नोकरी गेली, त्यामुळे कुठल्या ओळीवर दावा उभा राहतो आणि कुठल्या ओळीवर बसतो, ते ठाऊक आहे. गावातली माणसं सल्ल्याला येतात ती सगळं लिहून झाल्यावर. तेव्हा आधीच वाचून ठेवा.

रस्त्यावर

पडलेल्या गाडीची चावी बंद करा. पेट्रोल गळत असेल तर बिडी-सिगारेटवाल्याला लांब हाकला. अंधार असेल तर एकाने मागे जाऊन, साइडपट्टीवर उभं राहून मोबाईलचा उजेड हलवत राहावं. जमलेल्या गर्दीत दुसरी गाडी घुसल्याचे पंचनामेही मी लिहिलेत.

हेल्मेट ओढून काढू नका. श्वास व्यवस्थित असेल तर काच वर करा, पट्टा सैल करा आणि मान हलू न देता तसंच राहू द्या. श्वास अडत असेल किंवा तोंडात उलटी साठत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी. एकाने मान आणि जबडा खालून पक्का धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट सरळ रेषेत हळूहळू ओढायचं. जखमीला उठवून बसवणं आणि पाणी पाजणं या आपल्या दोन सवयी आहेत. दोन्ही माया म्हणून केल्या जातात आणि दोन्ही धोक्याच्या आहेत. मणक्याला मार असेल तर उठवल्यानं पाय कायमचे जाऊ शकतात, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जातं. रक्त वाहत असेल तर गमछा, ओढणी, जे स्वच्छ हाताशी असेल ते जखमेवर दाबून धरा. थांबलंय का म्हणून सारखं उचलून बघू नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. रुग्णवाहिका फारच लांब असेल तर पिकअपच्या हौद्यात आडवं झोपवून न्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये कोंबून नेणं नको.

मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती करता येत नाही, दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही की त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या राहवीर योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीस आहे. आणि स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार असलेला असा एक माणूस दाव्यात फार मोलाचा असतो. त्याचा नंबर प्रेमानं मागून घ्या.

समोरच्या चालकाला मारू नका. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, पण जमाव खवळला तर तिथून निघून जायची मुभाही कायद्यानेच त्याला दिली आहे. चार थपडांपायी चालक पळतो, गाडी पळते, आणि वर मारहाणीची उलटी फिर्याद तुमच्याच पोरांवर येते.

गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. एक लांबून, त्यात दोन्ही गाड्या आणि रस्त्याची खूण दिसली पाहिजे, मैलाचा दगड, पूल, ढाबा, काहीही. मग नंबरप्लेट, ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीवर भागवू नका, ज्या मोबाईलवर काढले त्यातले मूळ फोटो जपा. वेळ आणि जागेची नोंद मूळ फोटोतच राहते.

दवाखान्यात

उपचार नाकारता येत नाहीत. पोलीस केस आहे, आधी कागद आणा, असं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच चुकीचं ठरवलंय. आता २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची विनारोकड उपचार योजनाही आहे. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळतो. मात्र तो रस्ता अपघातच आहे अशी पुष्टी पोलिसांनी प्रणालीत द्यावी लागते. पोलीस टाळायचे म्हणून "घरी जिन्यावरून पडला" सांगणारे इथेच या सवलतीला मुकतात.

आता केसपेपर. ज्याला बोलता येतं त्याने एवढं तरी सांगावं: कुठे, किती वाजता, कोणत्या प्रकारच्या वाहनाने, कशी धडक दिली. "कराडकडून येताना मागून आलेल्या ट्रकने धडक दिली" एवढं वाक्य पुरतं. ट्रकचा नंबर माहीत नसेल तर तसं सांगा, अंदाजे आकडा लिहू देऊ नका. नंतर खरा नंबर वेगळा निघाला की गाडी बनावट उभी केल्याचा आरोप होतो. केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलीस केस असल्याचा (मेडिको-लीगल केस) शिक्का पडला का, तेही बघा. दारू घेतलेली नसेल तर डॉक्टरांनी तशी नोंद केलीय याची खात्री करा. आणि खरोखर स्वतः घसरून पडला असाल तर तेच सांगा. खोटी गाडी उभी करणारी प्रकरणं मी पाहिलीत; त्यात दावा बुडतो आणि वर फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो.

"मला काही झालं नाही" म्हणून परस्पर घरी जाणारा माणूस मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो. हँडल पोटात घुसलं असेल तर आतला रक्तस्राव काही तासांनी जाणवतो. डोक्याला मार लागून माणूस बोलत-चालत राहतो आणि रात्री झोपेतून उठत नाही. निदान एक दिवस-रात्र सोबत कुणीतरी हवं. वाढती डोकेदुखी, परत परत उलटी, असंबद्ध बोलणं, जास्त झोप, पोट कडक होणं, यातलं काहीही दिसलं की थेट मोठा दवाखाना गाठा. आणि त्याच दिवशी तपासलेलं नसेल तर विमा कंपनी म्हणणार, ही दुखापत अपघातातली कशावरून?

फिर्याद आणि पंचनामा

जखमी दवाखान्यात असेल तर पोलीस तिथेच येऊन जबाब घेतात, आणि बऱ्याचदा तोच जबाब पुढे फिर्याद होतो. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचवत नसेल तर घरच्या माणसाला मोठ्यानं वाचायला सांगा. गोळ्यांच्या गुंगीत असाल तर डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी जबाब देता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. अपघात आमच्या हद्दीत नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, म्हणजे तो इथे नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. तरीही नाही ऐकलं तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. त्याची पोचपावती जपून ठेवा. नुसती स्टेशन डायरीतली नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, हेही लक्षात असू द्या.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. भरधाव चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी १२५, निष्काळजीपणाने मृत्यूसाठी १०६(१). हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत ठरते. तेव्हा नंतरच्या एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं तर तो अहवाल तपासी अंमलदाराला नेऊन द्या, तिथे पोचला तरच कलम वाढतं.

पंचनाम्याला मात्र कुणीच हजर राहत नाही. सगळे दवाखान्यात असतात, आणि इकडे दोन पंच उभे करून कागद पूर्ण होतो. घरातला एक शहाणा माणूस तिथे पाठवा.

का, ते ऊसाच्या ट्रॉलीवरून सांगतो. आमच्याकडे हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या असतात. टायर फुटला, डिझेल संपलं, चालक दगड लावून जेवायला गेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतायत. मोटारसायकलवाला समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी दिपतो आणि थेट ट्रॉलीखाली जातो. कागदावर काय येतं? "मोटारसायकलस्वाराने उभ्या वाहनास पाठीमागून धडक दिली." झालं. चूक मोटारसायकलवाल्याची.

त्याच पंचनाम्यात ट्रॉलीचं मागचं चाक डांबराच्या कडेपासून किती आत होतं, टेललाइट होता का, रिफ्लेक्टर होता का, मागे धोक्याचा त्रिकोण किंवा झाडाची फांदी तरी ठेवली होती का, रस्त्यावर वीज होती का, हे लिहिलं तर तेच प्रकरण उलटं फिरतं. वाहन रस्त्यात धोकादायक स्थितीत उभं करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. मोटारसायकलस्वाराचीही काही चूक असेल तर न्यायाधिकरण ती टक्क्यांत ठरवतं आणि तेवढी रक्कम कापतं. सगळा दावा जात नाही. तेव्हा टेप घेऊन जा, मोजा, फोटो काढा आणि अंमलदाराला नम्रपणे म्हणा, साहेब, एवढं अंतर लिहा. चांगला अंमलदार लिहितो. नाही लिहिलं तर त्याच दिवशी तेवढ्याच मजकुराचा अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्या. आणखी एक: ट्रॅक्टरचा नंबर वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, विमाही दोन्हींचा स्वतंत्र बघावा लागतो. दोन्ही नंबर लिहून घ्या. ट्रॉलीला नंबरच नसेल तर तेसुद्धा पंचनाम्यात यायला हवं.

पेट्रोल पंप, ढाबा, दुकान, टोलनाका इथले कॅमेरे थोड्याच दिवसांत जुनं चित्रण पुसतात. लगेच मालकाला भेटा आणि ते जप्त करण्यासाठी अंमलदाराला लेखी अर्ज द्या.

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तरी हात हलवत बसायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. महिनाभरात वाहन सापडलं नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२४ चे निर्देश आहेत. पुढे वाहन सापडून मोठी भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

खड्ड्यात आपटून पडलात तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि जखमीला दुखापतीनुसार ५०,००० ते २.५ लाख रुपये द्यायला सांगितलं. पण खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो. तेव्हा बाजूला टेप धरून त्याच दिवशी फोटो.

गाडी आणि विमा

पोलिसांनी गाडी ठाण्यात आणली की आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक तपासणी करतो आणि ब्रेक, दिवे यांचा अहवाल देतो. त्या आधी, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बघण्याआधी, गॅरेजला टाकू नका. नंतर न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, गाडी मिळते. मिळाली तरी तिच्यावर बसून घरी येऊ नका, टेम्पोत घाला. पुढच्या चाकाचा चिमटा किंचित वाकलेला डोळ्यांना दिसत नाही, साठच्या वेगाला हँडल थरथरलं की कळतं. आपटलेलं हेल्मेटही बाहेरून धड दिसलं तरी बाद करा, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच मार झेलतो. फक्त टाकून देऊ नका, दावा संपेपर्यंत पुरावा म्हणून ठेवा.

पॉलिसी काढून वाचा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची, असेल तर तुमच्या चुकीने मागे बसलेली बायको किंवा मित्र जखमी झाला तर कंपनी सहसा हात वर करते. सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसणाराही येतो. चालक-मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, तोही आरसी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, आणि लायसन चालू असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा, ही आपल्याकडे घरोघरची स्थिती. तो मुलगा एकटाच पडला तर त्या विम्यातून काही मिळत नाही. मुलगा मिळवता असेल तर आजच गाडी त्याच्या नावावर करा.

सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला सदस्य असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना विसरू नका. मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत.

दावा

पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो अहवालच दाव्याचा अर्ज समजता येतो. पण त्यावर विसंबून घरी बसू नका. स्वतःचा अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाका. ही मुदत सर्वोच्च न्यायालयात वादात आहे, पण त्या वादाच्या भरवशावर आपला दावा कशाला ठेवायचा? जिथे अपघात झाला तिथेच जावं लागतं असंही नाही. पुण्यात अपघात झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता तर साताऱ्यात दाखल करा.

चूक कुणाची हे सिद्ध करायच्या फंदात पडायचं नसेल तर कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला २.५ लाख. कमावत्या माणसाचं मोठं नुकसान झालं असेल तर १६६ च योग्य. कोणतं धरायचं ते वकिलाशी बोलून ठरवा.

तिघं बसले होते, हेल्मेट नव्हतं, म्हणून दावाच होत नाही, असं सांगून लोकांना पिटाळलं जातं. दंड होईल तो वेगळा. नुसतं ट्रिपल सीट होतं म्हणून चूक तुमची, असं धरता येत नाही, त्याचा अपघाताशी संबंध दिसला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. हेल्मेट नसताना डोक्याला मार असेल तर रक्कम कापण्याचा युक्तिवाद होतो, कधी मान्यही होतो. समोरच्याकडे लायसन नव्हतं तरी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं.

रक्कम ठरते ती कागदांवर. औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्मा, रुग्णवाहिकेचं भाडं, देखभालीला ठेवलेल्या माणसाची पावती. पगाराची स्लिप नसेल तर दूध डेअरीची बिलं, कारखान्याची ऊसबिलं, बँकेचं पासबुक. स्वतःचं घर सांभाळणाऱ्या गृहिणीचंही उत्पन्न धरलं जातं, "काही करत नाही" असं लिहून देऊ नका. अपंगत्वाचा दाखला घ्याच, पण त्यावरच्या टक्क्यांइतकंच महत्त्व कामावर झालेल्या परिणामाला आहे. एकच घोटा गेला तरी ड्रायव्हरची रोजीरोटी जाते, कारकुनाची जात नाही. तुम्ही अपघाताआधी नेमकं काय काम करत होता आणि आता काय जमत नाही, ते साक्षीत स्पष्ट आलं पाहिजे.

दवाखान्यातच गोड बोलणारा येतो. "बिल भरतो, मिटवून टाकू." बिल भरू द्या, पण "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका. ऑपरेशन एकच असेल की दोन, हे त्या दिवशी डॉक्टरांनाही माहीत नसतं. त्याच्या पाठोपाठ दलाल येतो, वकील देतो म्हणतो, निकालाच्या रकमेत वाटा मागतो. टक्केवारीवर फी घ्यायला वकिलांना मनाई आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे मोफत वकील मिळतो.

लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तर घाईनं हो म्हणू नका, पण हेका म्हणून नाहीही म्हणू नका. तिथे ठरलेल्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (तिथेच बसणारं न्यायपीठ) आहे. पैसे जमा व्हायचं बँक खातं जखमीच्या किंवा वारसाच्याच नावाचं असू द्या. "रक्कम आली की काढून देतो" म्हणून सही केलेले कोरे चेक कुणी मागितले, तर तो वकील असो की नात्यातला, देऊ नका.